लोहाराची मूठ

हृदयाच्या दवाखान्यात तपासणीसाठी थांबलेल्या शिक्षिकेच्या मागच्या बाकावर एक लोहार आणि त्याची बायको बोलत होती.

"वजन वाढलंय म्हणे. पथ्य मोडलंत ना?"

"देवाशप्पथ नाही गं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयासाठी रोज मूठभर बदाम-अक्रोड खा. खातो."

"कुणाची मूठ?"

"माझीच की! शेजाऱ्याची मागून आणू?"

"अहो, हा घण मारणारा हात! यात पावशेर मावतील. डॉक्टरीणबाईंची मूठ चिमणीएवढी."

"मग काय, हात तासून लहान करू?"

"थट्टा नको. तुम्ही ऐकत नाही, म्हणूनच मी लेकीकडे जाऊन राहिले. तुम्हाला काही झालेलं माझ्यानं बघवणार नाही."

"या वेळी ऐकलं गं. बिडीसुद्धा सोडली, चार महिने झाले."

"खरंच?"

"हात हुंगून बघ."

मागे बांगड्या किणकिणल्या. शिक्षिकेने मान वळवली नाही.

"नुसता कोळशाचा वास येतोय."

"तुझी मूठ केवढी गं?"

"ही एवढी."

"माप बरोबर आहे. पण ते लेकीकडे असतं."

"लेकीकडचं सामान घेऊन संध्याकाळच्या गाडीनं घरी येते. तोवर बदामाच्या डब्याला हात लावू नका."