बिघडलेला पीस कुणी दाखवायचा?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संघटनेचा भार इतकी वर्षं खांद्यावर वागवणारे आदरणीय तुळशीरामशेठ, उद्योग खात्यातून वेळात वेळ काढून आलेले सन्माननीय स्वरूपसाहेब, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेले मिनलचे आईवडील हौसाबाई आणि दाजी तांडेल, भाईंदर पूर्वेतले माझे गाळेवाले बंधू, मोजक्या भगिनी, आणि मागे समोशाच्या वासाने चुळबुळ करणारी कामगार मंडळी, आपणा सर्वांना संजना पाष्टेचा नमस्कार.

सूत्रसंचालक मघाशी कानात सांगून गेले, "ताई, निरोपाचा कार्यक्रम आहे, चार शब्द गोड बोला." प्रयत्न करते. पण मी स्प्रिंगा बनवणारी बाई. दाबलं की उसळायचं, हा आमच्या मालाचा गुण आहे, तो थोडा मालकिणीतही उतरतोच.

आज आपण मिनलला निरोप देतोय. निमंत्रणावर तेवढंच छापलंय. उद्या सकाळी आपल्या सामाईक केंद्रातलं धातूछपाईचं मशीनसुद्धा क्रेनने उचलून जाणार आहे, ते मात्र छापलेलं नाही. दक्षिणेकडच्या एका कंपनीने ते घेतलं, आणि मिनललाही तिकडेच नोकरी दिली. म्हणजे मशीन गेलं आणि ते चालवणारीही गेली. आपल्याकडे राहिला मोकळा गाळा.

स्वरूपसाहेब नवीन आहेत, म्हणून सांगते. रांगोळीसारखी बारीक स्टीलची पावडर पातळ पसरायची, हवं तिथे लेझरने वितळवायची, त्यावर पुन्हा पावडर, पुन्हा लेझर. असा थरावर थर चढत पार्ट तयार होतो. साचा नको, डाय नको. एकट्यादुकट्या गाळेवाल्याच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे. मिनल इंजिनिअर होऊन आली आणि गाळ्यागाळ्यात फिरली. "काका, तुमच्याकडे भट्टी आहे, ह्यांच्याकडे पॉलिश आहे, त्यांचा मशिनिंगला हात बसलाय. मिळून केलं तर मोठ्या कंपन्या इथे येतील." तुळशीरामशेठ, तुम्हीच तेव्हा म्हणाला होतात ना, पोरगी बोलते बरोबर?

तिची अट एकच होती. पीस बिघडला तर आधी मला आणून दाखवायचा. चांगला निघाला तर नाही दाखवलात तरी चालेल, म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो पेपरात आला. त्या फोटोत आपण किती जवळजवळ उभे आहोत!

आता आपली रीत काय आहे, ते ह्या सभागृहात कुणाला सांगायला नको. घरचं भांडण आणि बिघडलेला जॉब, दोन्ही शटरच्या आत. शेजारच्या गाळ्याला कळलं तर तो उद्या आपल्याच पार्टीला फोन लावेल, ही आपली धास्ती. ती अगदीच खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. भोगलंय आपण ते. पण अट मान्य करताना हे का नाही बोललो?

केंद्रातून पार्ट नेले, घासायला घेतले, तर आतून बारीक भोकं. मिनल विचारायची, "कसा निघाला?" उत्तर ठरलेलं: "एकदम फर्स्ट क्लास, मॅडम." आणि तो फर्स्ट क्लास पार्ट गोणपाटात बांधून भंगारवाल्या पिंटूकडे. प्रत्येकाला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी चुकलं. प्रत्येकजण आपापल्या शटरमागे एकटा लाजत बसला.

मिनलने काय करावं? तिने आपल्या शब्दावर विश्वास ठेवला. सगळ्यांचे पार्ट चांगले निघतायत म्हणून तिने बोटीच्या इंजिनाच्या पंपातला पंखा छापला आणि पहिला बसवला तो आपल्या वडिलांच्या बोटीवर. दाजी, माफ करा, तुमच्यासमोर हे बोलावं लागतंय. भर समुद्रात पंखा तुटला, इंजिन गार ठेवणारं पाणी फिरायचं थांबलं, इंजिन तापून बंद पडलं. दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढत आणलं म्हणून बरं. दाजींबरोबर बोटीवर माणसं होती, त्यांच्या घरी वाट पाहणारी माणसं होती.

त्यानंतर ह्याच हॉलमध्ये मीटिंग झाली. मिनल उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे, मी राजीनामा देते." मी सगळ्यांकडे बघत होते. एका माणसाने तरी उठून म्हणायला हवं होतं, पोरी, थांब, माझाही पीस असाच निघाला होता. कुणाचा फोन वाजला, कुणाला चहाची आठवण झाली. उठलं कुणी नाही.

सगळ्यांचेच पीस बिघडले होते हे मला कळलं ते नंतर, पिंटूकडून. माझ्या तारेचे तुकडे न्यायला आला होता. सहज म्हणाला, "आंटी, वो छपाईवाला माल सबके यहाँ से आता है, अलग गोणी रखा है मैंने." मी ती गोणी केंद्रात ओतायला लावली. बंधूंनो, आपली एकी झाली ती पिंटूच्या गोणीत! मिनल जमिनीवर बसून एकेक तुकडा हातात घेत होती. त्या दिवशीच तिने कारण शोधलं. खाडीवरची दमट हवा. पावसाळ्यात उघडलेल्या डब्यातली पावडर ओल धरत होती. पावडर आधी नीट सुकवली असती तर काम झालं असतं. एवढंच होतं. पण तोवर मच्छीमारांनी पंख्यांची दिलेली ऑर्डर मागे घेतली होती, आणि मशीनचा सौदा झाला होता.

मी हौसाबाईंना भेटायला गेले. वाटलं, चार शिव्या खाव्या लागतील. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीनं बनवलेला हाय, म्हनून बापानं डोले मिटून लावला. तिला आदी कुनी सांगितलाच न्हाय का?" मी तशीच उठून आले.

अशा प्रसंगी वक्ता म्हणतो की ह्यातून आपण शिकू, नवी पहाट होईल वगैरे. मला तसं वाटत नाही. पुन्हा असं मशीन आपल्याकडे येईल असं वाटत नाही, आणि आलं तर आपण वेगळं वागू असंही वाटत नाही. हे म्हणताना मला फार वाईट वाटतंय.

तरी माझी खोड जात नाही. गेल्या आठवड्यात मी ग्रुपवर मेसेज टाकला होता. मिनलला हारतुरे नकोत. प्रत्येकाने आपला एक बिघडलेला पीस आणावा आणि स्टेजवरच्या ताटात ठेवावा. तिला नव्या जागी उपयोग होईल, आणि आपल्याला एकदा खरं बोलल्याचं समाधान मिळेल. सगळ्यांनी अंगठे दाखवले. कुणी तर हात जोडलेलेही पाठवले.

भाषणाला उठण्याआधी मी ताटावरचा रुमाल बाजूला केला. कोणी मागे राहिलेलं नाही, प्रत्येकाचा पीस आलाय. आणि सगळे चांगले आहेत. पॉलिश केलेले. दोन पीसांवर तर कंपनीचं नावही कोरलंय.

मिनल, हे ताट तुझं. आम्ही असे आहोत, बाळा. जा, आणि मागे वळून बघू नकोस.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा. पण त्याआधी, एकाने तरी समोर येऊन काय चुकलं ते सांगा.

नमस्कार.