कमळाच्या दाराचं घर

पंच्याऐंशी सालची गोष्ट. अनुपमा घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत होती. शेजारी थेंब घातलेले डोळे मिटून एक म्हातारी बसली होती. मुलगा तिला पेपर वाचून दाखवत होता.

"आई, आपल्या गावची जाहिरात आलीय! 'जुनं दगडी शेतघर, नव्यानं दुरुस्त केलेलं, विकणे आहे.'"

"इनामदारांच्या मळ्यातलं?"

"तेच. फोटोत झकास दिसतंय. कौलं नवी, भिंती जुन्याच ठेवल्यात."

"ठेवणारच. तुझ्या आजोबानं घडवलेला दगड आहे तो. दोन चिऱ्यांमध्ये सुई जायची नाही. दारावर कमळ आहे का रे?"

"आहे ना! पाकळी न् पाकळी दिसतेय."

"त्यानंच कोरलंय. मी भाकरी घेऊन जायचे, तर हातातली छिन्नी ठेवायचा नाही."

"आतून कसं होतं गं?"

"मला काय ठाऊक? वास्तुशांत झाली, मग आपल्याला आत कोण घेतंय? माझ्या बाबानं स्वतः बसवलेला उंबरा कधी ओलांडला नाही."

अनुपमानं हातातलं मासिक मिटलं.

"राजाराम, विकायला काढलेलं घर कुणीपण बघू शकतं ना?" म्हातारीनं मुलाला विचारलं.

"कुणीपण. रविवारी या, असं लिहिलंय."

"मग रविवारी जाऊ."

"आई, आपल्याला परवडणार आहे का ते?"

"घ्यायचंय कुणाला? पुढच्या दारानं जायचं, आणि बाबाचं काम आतून बघून यायचं."