फलकावरचा भाऊ

— नाही हो वहिनी, येणार नाही असं कुठं म्हटलं मी? उद्या सरांच्या सत्काराला येणार, पहिल्या रांगेत बसणार, त्यांच्या हातात फुलं देणार, तुम्ही म्हणाल तर डोळेही पुसणार — सवय आहे मला. मान जरा मागं घ्या, केसांचा रंग कपाळावर ओघळेल. तर काय सांगत होते — हां, फलक. माझ्या धाकट्या भावाचा चेहरा फलकावर छापला तो तुमच्या यजमानांनीच, सरांनी. काळ्या कातडीच्या पोराला बसथांब्यावर टोळक्यानं ठेचलं, कुणी हूं की चूं केलं नाही — सरांनी लेख लिहिला, मोर्चे निघाले, पुस्तक आलं, शेवटी कायदा झाला. खोटं कशाला बोलू? त्या कायद्यामुळं माझ्या पोरीला रंग बघून कुणी दारातून हाकललं नाही. आज वंशद्वेषावर भांडायचं तर विरोधकांनासुद्धा सरांचेच शब्द उसने घ्यावे लागतात!

पण त्या पुस्तकात एक वाक्य आहे बघा — ‘तो एकटा होता.’ एकटा? कसला एकटा! शेजारी सर उभे होते. आमच्याच वस्तीतले, आमच्याच रक्ताचे, फक्त रंगानं उजळ — त्या गोऱ्या लोकांत खपून जायचे. टोळक्यानं विचारलं, हा तुझ्याबरोबरचा का रे? म्हणाले, नाही, ओळखत नाही. आणि आलेल्या बसमध्ये चढले. मला कुणी सांगितलं? भावानं. दवाखान्यात, जबडा फुटलेला, तरी तेवढं बोलला — वर म्हणतो, ताई, त्याला बोल लावू नकोस, घाबरला असेल. मरणाऱ्यानं माफ केलं. मी नाही केलं. आणि मला मागणी घातलेली हो त्यांनी, त्याच महिन्यात, मी हो म्हणणार होते — जाऊ दे. तोंडातून निसटलं. हलू नका.

व्यासपीठावर? छे! तिथं बोलले तर कायद्यावर टपून बसलेल्यांच्या हाती आयतं कोलीत. चळवळ माझ्या भावाच्या जिवावर उभी राहिली, तिला मीच कशी आग लावू? इतकी वर्षं त्यापायीच दातओठ खात गप्प बसले. उद्याही हसून फुलं देईन. पण तुम्ही रोज त्यांच्यासमोर जेवायला बसता, वहिनी. आता घास घेताना बघाल त्यांच्याकडं — आणि ते विचारतील, काय झालं? सांगा, नाहीतर सांगू नका. मला दोन्ही चालेल.

उठा. केस धुवायला तिकडं — नको, आज नाही व्हायचं माझ्याच्यानं. टॉवेल गुंडाळा नि घरीच धुवा. जाताना दार ओढून घ्या.