पदर नसलेलं चित्र

यंदा संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारच्या जेवणाआधी, सुरतेत, गोडादऱ्यात आमच्या समाजाच्या हॉलमध्ये भिंतीवर लावलेलं माझं एक चित्र मी माझ्या हाताने उतरवलं आणि पिशवीत घातलं. त्याच संध्याकाळी माझी सून जागृती तिच्या आईबरोबर कोसाडला, माहेरी निघून गेली. झालं ते एवढंच. बाकी सांगतो ते सगळं त्याच्या आगेमागेचं.

माझं नाव सुकलाल, पण सगळे नानाच म्हणतात. गाव आमचं धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्याकडे. वडील लूमवर कामाला सुरतेला आले, मागून आईला आणि आम्हाला आणलं, तेव्हापासून इथलेच. घरात आम्ही अहिराणी बोलतो, बाहेर गुजराती, शेठशी हिंदी, आणि तुम्ही लिहून घेताय म्हणून जरा पुस्तकातलं बोलतो आहे, मध्येच घसरलो तर घसरलो. मी लूमवर गेलो नाही. शाळेत माझा हात चांगला होता, म्हणून वडिलांनी एका डिझाइनवाल्याकडे ट्रेसिंगला लावलं. ट्रेसिंग म्हणजे असं, की साडीचं डिझाइन कागदावर काढलेलं असतं, त्यातला एकेक रंग वेगळा करायचा, लालची फिल्म वेगळी, हिरव्याची वेगळी, आणि सगळ्या फिल्मा काळ्या शाईने करायच्या. म्हणजे आयुष्यभर रंगांचं काम केलं आणि हाताला लागली ती काळी शाई. ऐकून हसू येतं ना, आम्हालाही यायचं.

मग कॉम्प्युटर आले, ट्रेसिंग गेलं, मी साडी फोल्डिंगच्या खात्यात लागलो, गुडघे दुखायला लागले तसा घरी बसलो. पण ते डिझाइनवाले मास्तर होते ना, ते फावल्या वेळात तैलरंगात चित्रं करायचे, मला बसवून दाखवायचे. दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी ट्यूबांचा डबा, ब्रश, सगळं मला देऊन टाकलं. सुकलाल, तू आता काळ्यातून बाहेर नीघ, म्हणाले. तेव्हापासून मी करतो. छोटी चित्रं, तळहातापेक्षा थोडी मोठी. फर्निचरवाल्याकडून हार्डबोर्डचे तुकडे आणायचे, पांढरा हात मारायचा आणि त्यावर करायचं. मोठं करून ठेवणार कुठे. खाली एक खोली आणि तिच्यामागे स्वयंपाकघर, वर पत्र्याची खोली गोपालची, गोपाल म्हणजे आमचा मुलगा, एम्ब्रॉयडरी मशीनवर आहे, आणि जागृती त्याची बायको. तैलरंग लवकर वाळत नाही, कपाटावर ओळीने ठेवतो, बायको, इंदू, ती बोलते, घर शे का पेंटरनं दुकान.

काढतो काय, तर समोर दिसतं ते. पाण्याच्या टाकीवर पडलेलं ऊन, रिक्षात भरलेले साड्यांचे गठ्ठे, चहाच्या टपरीवर काचेच्या ग्लासातून टेबलावर पडणारा तांबूस ठिपका. लोक विचारतात, नाना यात काय आहे. मी म्हणतो, काही नाही, उजेड आहे. माणसं मी फारशी काढत नव्हतो. आणि एक काढलं तर हे असं झालं.

आता काय सांगू तुम्हाला, आमच्यातली एक रीत सांगतो, ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही. आमच्यात सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेते. सासऱ्यानेही मान ठेवायचा असतो. घरात शिरायच्या आधी त्याने खाकरायचं. खाकरलं की आत सून पदर सावरते, मग सासरा आत येतो. तिने लाजायचं नाही, याने लाजवायचं नाही. गावाकडे माझे वडील खळ्यापासून खाकरत यायचे. इथे गल्लीत मशीनचा आवाज, म्हणून जरा जोरात खाकरावं लागतं. गोपालचं लग्न झाल्यापासून मी दारात खाकरल्याशिवाय पाऊल आत टाकलं नाही, हे कोणीही सांगेल. म्हणजे सांगायचे. आता नाही सांगणार.

जागृती घरी टिक्की लावायचं काम करते. साडी गुडघ्यांवर ताणून धरायची, गोंदाचा ठिपका द्यायचा आणि वर चमकी बसवायची, आमच्या गल्लीत घराघरात हेच काम. सकाळी न्हाऊन केस वाळेपर्यंत ती स्वयंपाकघरात मागच्या खिडकीजवळ बसते, पाठ दाराकडे. त्या खिडकीला पडदा म्हणून एक डाग पडलेली हळदी रंगाची साडी लावलेली आहे. हिवाळ्यात ऊन तिरपं येतं. एक दिवस मी दूध घेऊन आलो, खाकरणारच होतो, आणि पाहिलं तर त्या साडीतून ऊन गाळून येत होतं आणि तिच्या मानेवर पडलं होतं, केस तिने पुढे घेतले होते, पदर कमरेला खोचलेला, आणि मांडीवरच्या साडीतली प्रत्येक टिक्की पेटल्यासारखी. मी खाकरलो नाही. खाकरलो असतो तर हात डोक्याकडे गेला असता, पदर वर आला असता आणि तो उजेड गेला असता. मी पाहिलं आणि मागच्या पावली बाहेर आलो, मग गल्लीतून पुन्हा आलो आणि खाकरलो.

एकदाच झालं असतं तर मी म्हणालो असतो, चुकून झालं. पण दुसऱ्या दिवशीही गेलो. त्याच्या नंतरही. चित्राला एकदा पाहून पुरत नाही, सावलीचा रंग डोक्यात राहत नाही. शेवटी शेवटी तर मी चपला बाहेरच्या पायरीवर काढून ठेवायचो, आवाज होऊ नये म्हणून. हे मी इंदूलासुद्धा सांगितलेलं नव्हतं, तुम्हाला सांगतो आहे. माझ्या मनात वाईट काही नव्हतं, मी उजेडच बघत होतो, हे खरं आहे. पण चपला काढल्या होत्या, हेही खरं आहे. वाईट मनात नसलेला माणूस चपला कशाला काढेल, असं कोणीही विचारेल.

दुपारी वर पत्र्याच्या खोलीबाहेर बसून केलं. माझ्या हातून इतकं चांगलं आजवर झालेलं नव्हतं. ते कपाटावर सगळ्यांबरोबर नाही ठेवलं, मागे ठेवलं.

संक्रांतीनंतर समाजाचा कार्यक्रम असतो, हुशार मुलांचा सत्कार आणि बायकांचं हळदीकुंकू. यंदा कमिटीतली पोरं घरी आली, म्हणाली, नाना, तुमची चित्रं हॉलमध्ये लावू, सगळी द्या. मी सगळी दिली. ते देताना हात अडखळला होता, पण वाटलं, हेच तर चांगलं झालंय. नाव नाही, तोंड दिसत नाही, पाठमोरी कोणीही बाई असेल. घमेंडच होती, दुसरं काय.

त्या दिवशी मला स्टेजवर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला, माइकवाला म्हणाला, आपले नाना म्हणजे आपल्या समाजाचे कलाकार. टाळ्या झाल्या. मी खाली उतरलो तर चित्रांसमोर बायका गोळा झालेल्या. पडद्याच्या साडीवरून ओळखलं की काय, की मानेवर तिचा तीळ आहे तो मी एवढ्या इमानदारीने काढला होता त्यावरून, माहीत नाही. एक म्हणाली, हाई ते आपली जागृती शे. दुसरी म्हणाली, डोकावर पदर कथा शे, पदर कुठे? मग सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता, की हे चित्र काढणारा कुठे उभा होता. आणि मग आमच्या गल्लीतली एक म्हातारी, तोंडाची फाटकी आहे, ती मोठ्याने म्हणाली, नानाले पडसं व्हयेल व्हतं का, खाकरता उनं नही?

हसल्या सगळ्या. पुरुषांच्या बाजूलाही गेलं ते, तिकडेही हसले. जागृती तिथेच होती, हातात तिळगुळाचं ताट. तिने चित्राकडे पाहिलं. तिची आई, आमच्या विहीणबाई, बाजूलाच उभ्या होत्या, त्यांनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. मी पुढे झालो आणि चित्र उतरवलं. खांद्यावर शाल तशीच होती.

घरी आल्यावर गोपाल म्हणाला, शुं जरूर हती, पप्पा? तो चिडला की गुजरातीत बोलतो. काय गरज होती, एवढंच. इंदू दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना म्हणाली, काबर खाकरनात नही तुम्ही? मी म्हणालो, उजेड गेला असता. ती माझ्याकडे बघत राहिली. चहा उतू गेला.

मग आमचं घर असं झालं, की सगळे आपापलं जेवत होते. टिक्कीचं अर्धं काम खिडकीजवळ पडलेलं, ठेकेदाराचा माणूस येऊन उचलून घेऊन गेला. गोपाल कामावरून सरळ कोसाडला जायचा आणि तिकडूनच घरी फक्त झोपायला यायचा. जागृतीचं विचारलं तर म्हणायचा, येईल. कधी, तर म्हणायचा, मला काय माहीत. मला एकच पाहिजे होतं, पोरीने परत यावं. मी गावी जाऊन राहायलाही तयार होतो. इंदू म्हणाली, गावी जाल तर लोक म्हणतील खरंच काहीतरी होतं.

नंतर विहीणबाईंचा फोन आला, इंदूकडे. त्यांनी तोडगा काढला होता. नानाले सांगा, डोकावर पदर काढी द्या चित्रमा, मिटी जाई बठं. म्हणजे चित्रात पदर रंगवा, सगळं मिटेल, आम्ही आमच्या घरात लावतो, येणारा जाणारा पाहील, हॉलमध्ये पाहिलं ते विसरेल. मी लगेच हो म्हणालो. मला कोणी म्हटलं असतं की चित्र चुलीत घाल, तरी हो म्हणालो असतो.

आम्ही दोघं बसने कोसाडला गेलो, मी रंगांचा डबा आणि चित्र घेऊन. व्याही हिंमतराव, भला माणूस, त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा दिला, मेट्रोच्या खोदकामावर बोलले, थंडीवर बोलले, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी ओसरीत बसून डबा उघडला. पांढरा काढला, पिवळा काढला, ब्रश हातात घेतला आणि पुढे काही होईना.

जागृती बाहेर आली. पदर पार कपाळापर्यंत. दारातच थांबली. मी खाली बघून म्हणालो, पोरी, माझं चुकलं, मी खाकरायला पाहिजे होतं.

ती म्हणाली, नाना, मला कळायचं तुम्ही आलात ते. तुमच्या कपड्यांना रंगाच्या टरपीनचा वास येतो. पहिल्या दिवशीच कळलं होतं.

विहीणबाई आतून म्हणाल्या, काय बोली राहिनी तू? ती म्हणाली, आई, थांब जरा. मग मला म्हणाली, पदर घ्यायला हात उचलला होता मी. पण तुम्ही काही बोलत नव्हता, हलत नव्हता, मला वाटलं, नाना चित्र बघतायत, बघू दे. म्हणून बसून राहिले. ते आपल्या घरातलं होतं. मी घरात बसले होते नाना, हॉलमध्ये नव्हते बसले. भिंतीवर लावायच्या आधी एकदा विचारलं का नाही मला? आता बायका तुम्हाला हसतात आणि मला विचारतात, तुला कळलं नाही का गं. मी काय सांगू त्यांना?

मी इतके दिवस मेलो होतो ते न खाकरल्याच्या लाजेने. आणि हिचं म्हणणं वेगळंच होतं. विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टाकीला विचारत नाही, गठ्ठ्यांना विचारत नाही, तसंच. तेव्हा जी लाज वाटली, ती हॉलमध्येही वाटली नव्हती.

मी म्हणालो, तू सांग, काय करू. नको असेल तर पुसून टाकतो, रंग आतून अजून ओला आहे.  ती म्हणाली, पुसू नका, पदर काढा त्यावर. आणि समोर ओट्यावर जाऊन बसली, पाठ माझ्याकडे करून, पदर नीट घेऊन. म्हणाली, घडी कशी पडते ती बघून काढा, उगाच मनाने काढू नका.

मी काढला. इंदूने बोर्ड धरला. मानेवरचा उजेड झाकायला फार रंग लागला. तीळ गेला. झाल्यावर जागृती उठून आली, वाकून पाहिलं, तिला टिक्कीच्या कामामुळे नजर आहे. हळूच म्हणाली, आधीचं बरं होतं, नाना. आणि आत गेली.

चित्र ओलं होतं म्हणून तिथेच ठेवून आम्ही परत आलो. त्यानंतरच्या शुक्रवारी जागृती गोपालच्या गाडीवर बसून घरी आली, बॅग घेऊन. कामाला लागली. जागा बदलली आहे, आता वरच्या खोलीत बसते. माझ्याशी बोलते, चहा देते, मान ठेवते, तिला देव सुखात ठेवो, मी तिच्याजवळ दुसरं काही मागू शकत नाही. ब्रश मी धुऊन डब्यात ठेवले आहेत.

काल विहीणबाईंचा फोन आला होता, इंदूने घेतला. म्हणाल्या, पदर वाळला आहे, बोट लावून पाहिलं तर रंग लागत नाही. चित्र त्यांनी पुढच्या खोलीत लावलं आहे.