खिडकीजवळची जागा

आई : ...आणि ही बॅग पुन्हा काट्यावर कशाला? मघाशीच तर ठेवली होती.

बाबा : मघाशी तू तिच्यात स्वेटर घातला नव्हतास.

आई : स्वेटरानं काय तुमचं विमान पडणार आहे? टेबलावरच्या कॉम्प्युटरमधलं विमान ते! आयुष्यात या खोलीतून पुढच्या खोलीत गेलेलं नाही.

बाबा : टेबलावरचं असलं तरी नियम आकाशातलेच. ये, बस इथे. उद्या सकाळी तू ज्या विमानात बसणार, तेच मांडतोय. तोच रस्ता, तीच वेळ.

आई : बसणार असं मी कधी म्हटलं?

बाबा : तिकीट म्हणतंय.

आई : तिकीट तुम्ही काढलंत, मला न विचारता. आता लेकीचा फोन आला की सांगून टाकते, बाई गं, गुडघ्याच्या ऑपरेशनला एखादी मदतनीस ठेव, तुझी आई काही हवेत चढत नाही.

बाबा : तिकडे गेल्यापासून दर वेळी तीच आली आपल्याकडे. या वेळी तिला येता येत नाही. आणि माझ्या कानाला डॉक्टरांनी विमान बंद केलंय, नाहीतर तुला बखोटीला धरून नेली असती.

आई : नेली होतीत एकदा. अगदी विमानाच्या शिडीपर्यंत.

बाबा : तिथून फिरलीस. मागची माणसं काय काय बोलली, अजून आठवतं मला.

आई : मला ती नाही आठवत. तुम्ही आठवता. बॅगा उचलल्यात आणि सरळ बसच्या तिकिटाच्या रांगेत जाऊन उभे राहिलात. दुसरा कुणी असता तर जन्मभर टोमणे मारले असते... बरं, हे काय भरताय?

बाबा : इंधन. हे जायला लागणारं. हे धावपट्टीपर्यंत सरपटत जायला. वारा उलटा लागला तर म्हणून हे थोडं. आणि हे दुसऱ्या गावाचं.

आई : दुसरं गाव कुठून उपटलं मध्येच?

बाबा : तिथे धुकं असलं, उतरू दिलं नाही, तर जायचं कुठे? ते निघण्याआधी ठरवायचं. ज्याच्याकडे जायचं त्याच्या दाराला कुलूप असलं तर शेजारी कोण, हे घरातूनच माहीत हवं.

आई : म्हणजे तुम्ही जेवला नाहीत तो दिवस... मी तर घाबरलेच होते, म्हटलं नात्यातलं कुणी गेलं की काय.

बाबा : त्या दिवशी आळस नडला. दुसरं गाव धरलंच नव्हतं. धुक्यावर घिरट्या घालत राहिलो आणि इंधन संपलं.

आई : टेबलावर!

बाबा : टेबलावरच. पण मागे माणसं बसली होती ना.

आई : कुठली माणसं?

बाबा : होती.

आई : धन्य आहे तुमची. डेपोत होतात तेव्हाही हेच. बसची वेळापत्रकं तुमच्या आधीही लोक करतच होते. पण ड्रायव्हरलाही मोकळं व्हायला दोन मिनिटं लागतात, हे कुणाच्या कागदावर होतं? तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी तो टकलू ड्रायव्हर ढसाढसा रडला. म्हणाला, साहेबांनी आमची पोटं सांभाळली.

बाबा : पोटं नाही म्हणाला तो.

आई : काय म्हणाला ते ठाऊक आहे मला. माईकवर म्हणाला.

बाबा : आता ऐक. हे बघ, उडालं. जरा वेळानं पायाखाली धाड्‌ असा आवाज होईल. घाबरायचं नाही, चाकं आत जातात. मग इंजिनाचा आवाज एकदम खाली येईल.

आई : बंद पडलं?

बाबा : बंद कशाला पडतंय! जीन्सची जाड शिवण ओलांडलीस की शिलाई मशीनवरचा पाय हलका करतेस ना? तसं.

आई : असं होय. मग असं सांगा की आधी. आणि हे डोंगर?

बाबा : उद्या वारा या अंगानं आहे. थोडे हिसके बसतील. कच्च्या रस्त्यावरची बस समज.

आई : पुढे नुसतं निळंच निळं दिसतंय. हे बटण दाबून विमान झटकन पुढे नेता येतं म्हणे.

बाबा : येतं. मी नेत नाही. आत बसलेल्यांना नेता येतं का?

आई : म्हणून तुम्हाला जेवणाचं ताटही या खुर्चीतच लागतं! आणि मी मेली इतकी वर्षं दारातून बडबड करत राहिले, एकदा आत येऊन बघितलं नाही... हे चौकोन कसले?

बाबा : बसायच्या जागा. कोण कुठे बसलंय ते भरावं लागतं, नाहीतर तोल बिघडतो.

आई : सगळे हिरवे, हा एकच पांढरा. खिडकीजवळचा. खपलं नाही का तिकीट?

बाबा : ती रिकामीच असते.

आई : उद्याच्या विमानात?

बाबा : माझ्या प्रत्येक विमानात. शिडीवरून कुणी परत फिरलं, म्हणून त्याची जागा लगेच दुसऱ्याला द्यायची नसते.

(फोन वाजतो.)

मुलगी : बाबा, आई आहे का जवळ?

बाबा : आहे. बोल, ऐकतेय ती.

मुलगी : आई, खरं सांग, घाबरली आहेस ना? नको येऊस. शेजारणीला विचारलंय मी, ती थांबेल माझ्यापाशी. मी रागावणार नाही गं.

आई : ती शेजारीण तुझे केस विंचरेल?

मुलगी : ऑपरेशन गुडघ्याचं आहे, आई. डोक्याचं नाही.

आई : तेच म्हणते मी. सगळे गुडघाच बघत बसतील. जास्त बोलत नाही आता, तुझ्या बाबांचं विमान खोळंबलंय. उद्या दाराला कुलूप घालून कुठे जाऊ नकोस म्हणजे झालं.

मुलगी : लंगडत कुठे जाणार मी? ...आई? म्हणजे तू—

आई : ठेव आता. तुम्ही काय बघत बसलात? भरा ती जागा.

बाबा : वजन सांग.

आई : पंचावन्न.

बाबा : अगं, सगळा जन्म गिऱ्हाइकांना सांगत आलीस ना, माप देताना पोट आत ओढू नका, शिवण दगा देईल म्हणून?

आई : गिऱ्हाइकांची गोष्ट वेगळी... अहो, मी तिकडे बसले की तुम्हीही इथून निघणार?

बाबा : त्याच मिनिटाला. तुझ्याच रस्त्यानं.

आई : ते बटण न दाबता?

बाबा : न दाबता.

आई : मग लिहा, अडुसष्ट. पण त्यात स्वेटर आला हं. तेवढा बॅगेतून कमी करा.