पेन्सिलीने दिलेलं मत

फुजैराहून दुबईला जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघे मराठीत बोलत होते. परक्या गावी आपली भाषा कानावर पडली, की मी नकळत एक पाऊल पुढे सरकतो.

“तय्यब, अम्मी सरपंचपदाला उभी आहे म्हणून सांगितलंस ना ऑफिसात? मिळाली रजा?”

“नाही, सतीशभाऊ. मतदानादिवशीच बंदरात तेलाचा टँकर लागतोय. आमचे जपानी साहेब मात्र परवा हाफ डे घेऊन दुबईच्या कॉन्सुलेटमध्ये मत देऊन आले.”

“पंतप्रधान निवडायला?”

“छे! लोक खासदार निवडतात, आणि ते खासदार पंतप्रधान निवडतात.”

“आणि त्यांचा तो सम्राट?”

“तो मानाचा. कारभार त्याच्या हातात नाही.”

“आपण तर सरपंच थेट निवडतो! म्हणजे मरियमबीचाची त्यांच्या पंतप्रधानापेक्षा भारी.”

“हेच साहेबांना सांगितलं. खूप हसले. म्हणाले, आमच्याकडे चिन्ह नाही, बटण नाही. पेन्सिलीने उमेदवाराचं नाव लिहायचं.”

“आणि रजा?”

“सॉरी म्हणाले. मग अम्मीचं नाव विचारलं, कागदावर जपानीत लिहिलं आणि म्हणाले, हे माझं मत.”

“चाचीला फोटो पाठवलास?”

“पाठवला. मागच्या खेपेला दोन मतांनी पडली होती ती.”

“मग, काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘अक्षर सुंदर आहे, बेटा. पण हे मशीनमध्ये कुठं घालू? तू ये.’”