नवरा झाडावर असताना त्याच्या पायऱ्या काढून घेतल्याबाबत

नाव : ऑर्डिस टॉलेफसन. वय : ६१ वर्षे. धंदा : शाळेच्या बसची ड्रायव्हर. राहणार : टॅमरॅक रोड, बर्च होलो, विस्कॉन्सिन.

विचारल्यावरून समक्ष हजर राहून, कोणी न शिकवता सांगते की, मी वरील पत्त्यावर नवऱ्यासह राहण्यास आहे. नवऱ्याचे नाव व्हर्लिन, वय ६४, पूर्वी दुधाचा टँकर चालवत असे, हल्ली घरीच असतो व दिवसभर माझ्या पायात पायात येतो. जबाब घेणारे पोलीस डेप्युटी कोल्बी झास्ट्रो यांनी आधी 'पती' असे लिहिले होते, ते मी 'नवरा' करून घेतले. कोल्बी पहिलीपासून माझ्या बसने शाळेत जात होता, त्यामुळे त्याने ऐकले. नवऱ्याने माझ्याविरुद्ध फोनवरून तक्रार दिली आहे की, तो कायदेशीर शिकार करीत असताना मी अडथळा आणला व त्याच्या झाडावर चढायच्या पायऱ्या पळवल्या. तक्रार खरी आहे. का केले तेवढे सांगते.

इतकी वर्षे नवरा शेजारच्या रानात हरणांसाठी बसायचा. तिथे लोखंडी शिडीचे मचाण कायमचे उभे होते. यंदा ते रान विकले गेले. आता उरले सरकारी जंगल. तिथे मचाण ठोकून ठेवता येत नाही, सकाळी पाठीवर न्यायचे आणि दिवस मावळला की काढून आणायचे. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

दुकानात मी बरोबर होते. एका प्रकारचे मचाण खोडाला धरून सरकत सरकत वर जाते, पण ते भलते जड आणि त्याला फांद्या नसलेले सरळसोट झाड लागते. आमच्याकडच्या ओकांत तसे शोधून सापडणार नाही. दुसरा प्रकार म्हणजे मचाणच नाही, नुसती झोळी. ती कमरेला अडकवून खोडाला लोंबकळत बसायचे. नवरा ती घालून दुकानातल्या खांबाला लोंबकळला. मी हसले. विकणारी बाईही हसली. त्याने झोळी परत ठेवली. शेवटी स्टुलाएवढ्या बैठकीचे हलके मचाण घेतले, आणि वर चढायला चार काठ्या. काठी हातभर लांब, तिला दोन्हीकडे पाय ठेवायला खुंट. एकीवर एक अशा खोडाला बांधत वर जायचे. पायऱ्या म्हणतात त्या ह्याच.

मग त्याच्या डोक्यात वजनाचे खूळ शिरले. माझ्या केकचे सामान तोलायच्या काट्यावर एकेक वस्तू तोलली. पायऱ्यांचे पट्टे काढून दोऱ्या लावल्या, मचाणाच्या पाट्याला भोके पाडली. धातू वाजू नये म्हणून पायऱ्यांना माझे लोकरीचे पायमोजे गुंडाळले. नवे होते. सरावासाठी अंगणातल्या मेपलवर मचाण टांगून एका रविवारी तिथेच बसून राहिला. चर्चचे पाद्री खालून गेले, त्यांनी नमस्कार केला, तर हा ढिम्म. नंतर म्हणतो, "स्थिर बसायचा सराव चालू होता." लोकांना तोंड मला दाखवावे लागते.

एवढे सगळे मी सहन केले. पण वजनापायी त्याने सामानातून जी वस्तू काढून टाकली ती हार्नेस. हार्नेस म्हणजे खांद्यांवरून आणि मांड्यांतून घालायचे पट्टे, त्याची दोरी खोडाला बांधलेली असते, म्हणजे पाय सटकला तरी माणूस खाली येत नाही. त्यावरून आमचे रोज वाजत होते. तो म्हणायचा, "दोन पौंड आहे तो! एवढं ओझं दोन मैल कोण वाहणार?" मी म्हणाले, "आणि दुपारी चापलेले सॉसेज किती पौंड?" तर म्हणे, "ते काय काढून ठेवता येतात?" मी म्हणाले, हलका नवा घेऊ. तर म्हणे, घरात असताना नवा कशाला. मग घरातला घाल. तर म्हणे, जड आहे. आता ह्याला काय म्हणायचे!

घरात आहे तो हार्नेस माझा धाकटा भाऊ कर्टिस याचा. त्याने विकत घेतला होता, पण पिशवी फोडली नव्हती. तीन वर्षांपूर्वी शिकारीच्या हंगामातच तो झाडावरून पडला. तेव्हापासून त्याला मानेखाली काही हलवता येत नाही. तो केअर होममध्ये असतो, संध्याकाळी मी जाऊन त्याला भरवते. त्या दिवशी त्याच्यासोबत रानात माझा नवरा होता. याबाबत मला आणखी काही सांगावयाचे नाही.

आज बंदुकीने हरणे मारायच्या हंगामाचा पहिला शनिवार. काल मी हार्नेस स्वतःच्या हाताने नवऱ्याच्या सॅकमध्ये तळाशी घातला होता. सकाळी तो गेल्यावर कुत्र्याचे खाणे काढायला डबा उघडला, तर हार्नेस त्या डब्यात. माझे डोकेच फिरले. कोणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून मी भगवे जाकीट घातले, थर्मास घेतला, बसायला रंगाची रिकामी बादली घेतली व जंगलात गेले. बर्फ पडलेले होते, त्याचे बूट ओळखू येत होते.

ओकाच्या झाडावर, घराच्या पागोळीपेक्षा उंच, नवरा त्या स्टुलावर बसलेला दिसला. मांडीवर बंदूक. अंगाला दोरी म्हणाल तर सुतळीचा तोडासुद्धा नाही. आमचे भांडण कुजबुजत झाले, कारण हरणे पळतील म्हणून तो मोठ्याने बोलू देईना.

"ऑर्डिस, तू इथे काय करतेस?"

"तुझा डबा विसरला होता तो आणलाय. कुत्र्याच्या डब्यातला."

बंदूक वर ओढून घ्यायची त्याची दोरी खाली लोंबत होती, तिला मी हार्नेस बांधला व ओढून घे म्हणाले. त्याने मान फिरवली. मी पुन्हा म्हणाले. तो म्हणाला, "मी काय आज पहिल्यांदा चढलोय?" हार्नेस घाल म्हटले की माझा भाऊही हेच म्हणायचा. तेव्हा मी बादली उलटी करून तिच्यावर उभी राहिले, खालच्या दोन पायऱ्यांच्या दोऱ्या सोडल्या, पायऱ्या काढून घेतल्या आणि त्याच बादलीवर बसले. नवरा म्हणाला, "ही चोरी आहे." मी म्हणाले, "पायमोजे माझे आहेत."

तेवढ्यात मोठा नर आला. शिंगे अशी की मीसुद्धा बघत राहिले. तो बरोबर माझ्या समोर थांबला. माझ्या डोक्यावरून गोळी झाडायची नवऱ्याची छाती नाही. नर आमच्याकडे बघून निवांत निघून गेला. नवरा वरून म्हणाला, "केवढा होता तो, कळतंय का तुला?"

मी म्हणाले, "कळतंय ना. चांगला चार पायांवर चालत घरी गेला."

त्यावर त्याने पोलिसांना फोन लावला. तोही कुजबुजत. कोल्बी पलीकडून "मोठ्याने बोला" म्हणत होता आणि हा "नाही बोलता येत" म्हणत होता. कोल्बीला वाटले, घरात दरोडेखोर शिरलेत. म्हणून तो आधी घरी धावला, मग बर्फातल्या पावलांवरून जंगलात आला, आणि येतो तर मी कॉफी पीत बसलेली.

बसमधली मुले मला म्हणतात तसे कोल्बी म्हणाला, "मिसेस टी, पायऱ्या लावा परत. कायद्याने गुन्हा आहे हा."

मी म्हणाले, "तू मला बेड्या घाल. पण त्याने आधी हार्नेस घालायचा. दोन पौंड जड होतात म्हणे त्याला."

कोल्बीने वर पाहून विचारले, "काका, घाला ना. दोन पौंडांनी काय होतंय?"

तेव्हा नवरा ओरडला. सकाळपासून पहिल्यांदा मोठ्याने. एवढ्या मोठ्याने की त्या जंगलात आज कोणाला हरीण मिळाले नसेल. तो म्हणाला, "वजनाचं नाही रे! कर्टिसच्या मापाचा आहे तो. मीच त्याला म्हणालो होतो त्या दिवशी, राहू दे गाडीत, उशीर होतोय!"

हे मला माहीत नव्हते. तीन वर्षांत त्याने मला सांगितले नव्हते. कोल्बीने टोपी काढून हातात घेतली, ते बर्फात कशाला ते त्यालाच ठाऊक.

मग मी म्हणाले, "व्हर्लिन, दोघांना भरवायची ताकद नाही माझ्यात. ओढ ती दोरी."

त्याने दोरी ओढली. हार्नेस वर गेला. त्या स्टुलावर उभे राहून तो पट्टे घालत असताना मला बघवेना, म्हणून मी जमिनीकडे बघत कोल्बीला विचारत होते, झाले का, झाले का. तो म्हणाला, "लागली कडी, मिसेस टी." मग मी पायऱ्या माझ्या हाताने परत बांधल्या. दोऱ्या नवऱ्याने शिकवल्या तशाच बांधल्या. तो खाली आला.

माझ्यावर जो काही गुन्हा होत असेल तो नोंदवावा, माझी हरकत नाही. पश्चात्ताप झाला का, असे कोल्बीने विचारले. नाही. नवऱ्याने तक्रार मागे घेतलेली नाही, कारण नर खरोखर मोठा होता. तो बाहेर बाकावर बसला आहे. कर्टिस सडपातळ, त्यामुळे मांड्यांचे पट्टे नवऱ्याला चांगलेच रुतत आहेत, तरी हार्नेस काढायला तयार नाही.

हा जबाब कोल्बीने मला मोठ्याने वाचून दाखवला. मी ज्या शब्दांत सांगितला त्याच शब्दांत आहे. फक्त "तो खाली आला" याच्यापुढे "व माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडला" असे वाक्य होते. दार उघडे असल्याने ते नवऱ्याने बाहेरून ऐकले व तसे काही घडले नसून त्याने फक्त नाक शिंकरले, असे तो ओरडून म्हणाला. सबब ते वाक्य खोडले आहे. बाकी सर्व खरे आहे, आणि खोडले तेही खरे आहे.